चौकशीला बसायचं कोणी?

२१ जुलै २०२१ या दिवशी अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाच्या सभापती नॅन्सी पेलोसी यांनी पाच नावांच्या एका यादीतली दोन नावं नाकारली. यादी पाठवली होती रिपब्लिकन पक्षाचे सभागृहातले नेते केविन मॅकार्थी यांनी. ६ जानेवारीला कॅपिटॉलवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदभवनावर, जो हल्ला झाला त्याच्या चौकशी समितीवर आपल्या पक्षातर्फे हे पाच जण घ्यावेत, असं त्यांनी सुचवलं होतं. त्यांतले इंडियानाचे जिम बँक्स आणि ओहायोचे जिम जॉर्डन पेलोसींना मान्य नव्हते. उरलेल्या तिघांना त्यांची हरकत नव्हती. मॅकार्थींनी त्याच दिवशी पाचही नावं मागे घेतली. त्या समितीनं पुढे जवळपास दीड वर्ष काम केलं, हजाराहून अधिक जणांचे जबाब घेतले, आठशेहून अधिक पानांचा अहवाल दिला. पण निम्म्या देशापुरता त्या अहवालाचा निकाल त्या बुधवारीच लागला होता, असं माझं मत आहे.

मी मूळची सांगलीची. गेली अनेक वर्षं मेरीलँडमध्ये एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात सरकारी दस्तऐवजांचा विभाग सांभाळते. काँग्रेसचे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेचे, अहवाल, सुनावण्यांची इतिवृत्तं, ठराव असा कागद अमेरिकेचा सरकारी छापखाना देशभरातल्या ठरावीक ग्रंथालयांना विनामूल्य देतो. अट एकच: जो येईल त्याला ते वाचायला मिळालं पाहिजे. आमचं ग्रंथालय त्यांतलं एक. त्यामुळे काँग्रेसच्या चौकशी समित्यांचे खंड माझ्या रोजच्या हाताखालचे. कपाटात ते सगळे सारख्याच इमानानं उभे असतात, पण वाचायला येणारी माणसं मात्र अहवालाचं नाव ऐकूनच ठरवून आलेली असतात, की हा खरा आणि तो खोटा. हे असं का होतं, याचं उत्तर मला अहवालांत कमी आणि समित्या नेमणाऱ्या ठरावांत जास्त सापडलं.

आधी एक फरक सांगायला हवा, कारण आपल्याकडच्या वाचकाला तो चटकन लक्षात येत नाही. लोकसभेचे अध्यक्ष कुठल्या पक्षाचे आहेत हे सगळ्यांना माहीत असतं, तरी त्या खुर्चीत बसल्यावर त्यांनी पक्षापासून अंतर राखावं अशी अपेक्षा असते. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचा सभापती हा उघडउघड बहुमतवाल्या पक्षाचा सभागृहातला म्होरक्या असतो. विधेयकांचा क्रम तो ठरवतो, पक्षासाठी निधी तो उभा करतो, आणि विशेष चौकशी समितीचे सदस्यही तोच नेमतो. कायमस्वरूपी समित्यांचं वेगळं आहे. तिथं दोन्ही पक्ष आपापल्या माणसांची नावं देतात आणि सभागृह ती मंजूर करतं. विशेष समिती मात्र एखाद्या घटनेपुरती नव्यानं उभी राहते आणि तिचे सगळे नियम तिच्या ठरावात लिहिलेले असतात. राज्यघटनेनं प्रत्येक सभागृहाला आपले नियम आपण करायची मोकळीक दिली आहे. म्हणजे ज्याच्याकडे बहुमत, त्याच्याच हातात ठरावाचा मसुदा.

६ जानेवारीच्या समितीचा ठराव क्रमांक ५०३. त्याच्या दुसऱ्या कलमात सदस्यांविषयी एकच वाक्य आहे: सभापतींनी १३ सदस्य नेमावेत, त्यांपैकी ५ अल्पमतातल्या पक्षाच्या नेत्याशी सल्लामसलत करून. सल्ला घ्यायचा, पण तो मानलाच पाहिजे असं कुठंही म्हटलेलं नाही. पेलोसींनी नावं नाकारली ती याच वाक्याच्या आधारावर, आणि नियमाच्या दृष्टीनं त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. हे वाक्य त्यांनी शोधून काढलं असंही नाही. २०१४ साली बेनगाझी प्रकरणाची समिती रिपब्लिकन पक्षानं नेमली, तेव्हाच्या ठरावात हीच तरतूद होती: १२ सदस्य, त्यांपैकी ५ सल्लामसलतीनं. २००५ च्या कतरिना वादळाच्या समितीलाही हीच. दोन्ही पक्षांनी हे वाक्य एकमेकांच्या ठरावांतून जसंच्या तसं उचललं आहे. पूर्वी फरक एवढाच असायचा, की सभापती समोरच्याची यादी न्याहाळायचे आणि नेमून टाकायचे. लिखित नियमात नसलेला हा संकेत २१ जुलैला मोडला.

आता या वादाची थोडी मागची बाजू.

अमेरिकेत काँग्रेसच्या चौकशीचं उत्तम उदाहरण म्हणून सगळे वॉटरगेटकडे बोट दाखवतात. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या माणसांनी डेमोक्रॅटिक पक्षाच्या कचेरीत शिरून केलेल्या उद्योगांची ती चौकशी. ७ फेब्रुवारी १९७३ ला सिनेटनं ७७ विरुद्ध शून्य मतांनी समिती नेमली. हा आकडा सांगताना लोक पुढची गोष्ट विसरतात. त्या मतदानाआधी रिपब्लिकन सिनेटरांनी दोन्ही पक्षांचे सदस्य समसमान असावेत म्हणून दुरुस्ती मांडली होती आणि ती हाणून पाडली गेली. समितीत चार डेमोक्रॅट, तीन रिपब्लिकन. म्हणजे अविश्वास तेव्हाही होताच. अध्यक्ष नॉर्थ कॅरोलायनाचे सॅम एर्विन, उपाध्यक्ष टेनेसीचे हॉवर्ड बेकर. बेकर निक्सन यांच्याच पक्षाचे, आणि सुरुवातीला व्हाइट हाउसशी त्यांचा आतून संपर्कही होता.

तरी त्या समितीचं काम टिकलं. का टिकलं, हे समजायला १३ जुलै १९७३ चा शुक्रवार पाहावा लागतो. त्या दिवशी सिनेटच्या कचेरीतल्या एका तळघरासारख्या खोलीत अलेक्झांडर बटरफील्ड यांचा खाजगी जबाब चालला होता. हे गृहस्थ काही काळ निक्सन यांच्या दालनाचं रोजचं कामकाज पाहायचे. जबाब घेणारे दोन्ही पक्षांचे कर्मचारी होते. कित्येक तास बहुमताच्या बाजूचे प्रश्न झाले. अध्यक्ष आणि त्यांचे वकील जॉन डीन यांच्यातल्या संभाषणांचा तपशील असलेला एक टाइप केलेला कागद बटरफील्ड यांना दाखवला गेला. एवढं बारीक टिपण कुठून आलं असेल, असा विषय निघाला आणि तसाच मागे पडला. मग पाळी आली डोनाल्ड सँडर्स यांची. ते एफबीआयमध्ये काम केलेले, आणि समितीत रिपब्लिकन सदस्यांच्या बाजूनं नेमलेले. आपलं संभाषण ध्वनिमुद्रित होत असावं अशी शंका डीन यांनी साक्षीत बोलून दाखवली होती. तिला काही आधार आहे का, असं सँडर्सनी विचारलं. हा प्रश्न कोणी विचारू नये अशी माझी इच्छा होती, अशा अर्थाचं काहीतरी बोलून बटरफील्ड यांनी सांगून टाकलं, की अध्यक्षांच्या दालनात ध्वनिमुद्रणाची यंत्रणा बसवलेली आहे.

सँडर्स तिथून निघाले ते आपले वरिष्ठ, रिपब्लिकन बाजूचे मुख्य वकील फ्रेड थॉम्पसन यांना गाठायला. सोमवारी, १६ जुलैला, टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर बटरफील्ड यांना तोच प्रश्न विचारायचा मान थॉम्पसन यांना देण्यात आला, कारण ही गोष्ट त्यांच्या माणसानं शोधली होती. मधल्या दिवसांत थॉम्पसन यांनी ही बातमी व्हाइट हाउसच्या कानावर घातली, हे त्यांनीच नंतर लिहून ठेवलं आहे. म्हणजे त्याच बाकावरून बातमी फुटली आणि त्याच बाकावरून सत्यही बाहेर आलं. त्या ध्वनिफितींपायी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ९ ऑगस्ट १९७४ ला निक्सन यांना पद सोडावं लागलं.

वॉटरगेटच्या सुनावण्यांचे २५ हून अधिक खंड आमच्याकडे आहेत. बटरफील्ड यांच्या साक्षीचं पान मी विद्यार्थ्यांना मुद्दाम उघडून दाखवते. प्रश्न विचारणाऱ्याचं नाव बघा, म्हणते. ज्या पक्षाचा अध्यक्ष अडचणीत येणार होता त्याच पक्षाचा वकील तिथं प्रश्न विचारतो आहे. डेमोक्रॅटिक वकिलानं हेच विचारलं असतं तर उत्तर तेच आलं असतं, पण टेनेसीतल्या किंवा नेब्रास्कातल्या निक्सनभक्त घरात ते कोणाच्या गळी उतरलं असतं, हा खरा प्रश्न आहे.

समसमान संख्या हाच यावरचा उपाय, असं काही जण म्हणतात. मला ते पुरेसं वाटत नाही. १९४१ साली मिसुरीचे सिनेटर हॅरी ट्रुमन यांनी युद्धसामग्रीच्या कंत्राटांतल्या उधळपट्टीची चौकशी सुरू केली, तेव्हा त्यांच्या समितीत पाच डेमोक्रॅट आणि दोनच रिपब्लिकन होते. हाताशी पैसे १५,००० डॉलर. तरी त्या समितीचे अहवाल एकमतानं निघत राहिले, कारण ट्रुमन आपल्याच पक्षाच्या सरकारची चौकशी करत होते आणि दोन रिपब्लिकन सदस्यांना पटेपर्यंत कागद छापायला जात नव्हता. उलट १९८७ च्या इराण-कॉन्ट्रा प्रकरणात एकमत झालं नाही. प्रतिनिधिगृहाच्या बाजूचे रिपब्लिकन प्रमुख होते वायोमिंगचे डिक चेनी. त्यांनी जाडजूड भिन्नमतपत्रिका लिहिली. प्रतिनिधिगृहातल्या त्यांच्या सहाही रिपब्लिकन सदस्यांनी तिच्यावर सह्या केल्या. सिनेटच्या पाच रिपब्लिकनांपैकी मात्र दोघांनीच. उरलेले तिघे बहुमताच्या अहवालाबरोबर गेले. त्या अहवालाचं वजन मला इथं दिसतं. ज्यांना नाही म्हणायची पूर्ण मुभा होती, त्यांच्यातल्या तिघांनी हो म्हटलं. भिन्नमतपत्रिका त्याच अहवालाच्या बांधणीत आहे. वाचणाऱ्याला दोन्ही बाजू एका हातात धरता येतात.

यानंतर बिघाड वाढत गेला, आणि त्यात दोन्ही पक्षांचा हात आहे. ऑगस्ट २००५ मध्ये कतरिना वादळानं न्यू ऑर्लिन्स बुडालं. रिपब्लिकन बहुमताच्या सभागृहानं २२४ विरुद्ध १८८ मतांनी समिती नेमली. त्यावेळी अल्पमतातल्या पक्षाच्या नेत्या होत्या नॅन्सी पेलोसी. चौकशी स्वतंत्र आयोगानं करावी असा आग्रह धरून त्यांनी एकही नाव दिलं नाही. वादळग्रस्त भागातले काही डेमोक्रॅट प्रतिनिधी तरीही स्वतःहून सुनावण्यांना येऊन बसले, कारण घरं त्यांच्या मतदारांची वाहून गेली होती. फेब्रुवारी २००६ मध्ये अहवाल आला तो बुश सरकारवर चांगलाच कडक होता. रिपब्लिकन सदस्यांनी स्वतःच्या सरकारबद्दल इतकं स्पष्ट लिहिलेलं पुन्हा पाहायला मिळालं नाही. तिथं डेमोक्रॅट पूर्ण संख्येनं असते, तर कागदपत्रं दाबून ठेवणाऱ्या व्हाइट हाउसवर आणखी दबाव आणता आला असता. पेलोसींनी तेव्हा जे केलं तेच मॅकार्थींनी २०२१ मध्ये केलं, ही गोष्ट डेमोक्रॅट मित्रमंडळींत मी काढते तेव्हा विषय बदलला जातो.

बेनगाझीची कथा याच्या उलट. ११ सप्टेंबर २०१२ च्या रात्री लिबियातल्या बेनगाझी इथं अमेरिकेच्या ठाण्यावर हल्ला झाला, राजदूत ख्रिस स्टीव्हन्स आणि आणखी तिघे मारले गेले. तेव्हा परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन होत्या. बऱ्याच समित्यांनी आपापली चौकशी करून झाल्यावर मे २०१४ मध्ये आणखी एक विशेष समिती नेमली गेली. डेमोक्रॅटिक पक्षात बहिष्कार घालायचा की नाही यावर दोन आठवडे खल झाला. शेवटी पेलोसींनी पाच नावं दिली, प्रमुख मेरीलँडचे इलायजा कमिंग्ज. हे आमच्या राज्याचे. २२ ऑक्टोबर २०१५ ला क्लिंटन अकरा तास साक्षीला बसल्या, तेव्हा कमिंग्ज यांनी अध्यक्ष ट्रे गाउडी यांच्याकडे भर सुनावणीत मागणी केली, की तुम्ही ज्या साक्षीदाराच्या जबाबातले निवडक तुकडे वापरता आहात तो जबाब पूर्ण प्रसिद्ध करा. मतदान झालं, मागणी फेटाळली गेली. पण देशानं ती ऐकली. बहिष्कार टाकून बाहेर बसले असते तर तो जबाब अस्तित्वात आहे हेसुद्धा त्यांना कळलं नसतं.

त्या सुनावणीच्या काही आठवडे आधी मॅकार्थी फॉक्स न्यूजवर एका मुलाखतीत बोलून गेले होते, की क्लिंटन अजिंक्य वाटत होत्या, आपण बेनगाझी समिती नेमली आणि आता त्यांचे जनमत चाचणीतले आकडे घसरत आहेत. समिती कशासाठी होती हे त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितल्यासारखं झालं. त्यावेळी ते सभापतिपदाच्या शर्यतीत होते. गदारोळानंतर त्यांना माघार घ्यावी लागली. २०२१ मध्ये ६ जानेवारीच्या समितीला राजकीय म्हणणारे नेते हेच.

पण २०२१ मध्ये दुसरी वाट उपलब्ध होती आणि ती हातची घालवली गेली, याचं मला अजून वाईट वाटतं. होमलँड सिक्युरिटी समितीचे अध्यक्ष, मिसिसिपीचे डेमोक्रॅट बेनी थॉम्पसन आणि त्याच समितीतले रिपब्लिकन प्रमुख, न्यूयॉर्कचे जॉन कॅटको, या दोघांनी बसून स्वतंत्र आयोगाचा मसुदा तयार केला. (मराठी वाचकांना याच समितीची एक ओळख आहे: बेळगावकडचे आणि आता मिशिगनमधून निवडून आलेले श्री ठाणेदार तिचे सदस्य आहेत.) नमुना होता ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याच्या आयोगाचा. पदावर असलेला एकही राजकारणी नाही, दहा सदस्य, प्रत्येक पक्षानं नेमलेले पाच. समन्स काढायचं तर दोन्ही बाजूंच्या प्रमुखांनी हो म्हणायला हवं, नाहीतर बहुमत हवं, म्हणजे समोरचा किमान एक तरी फुटला पाहिजे. थॉमस कीन आणि ली हॅमिल्टन या एक रिपब्लिकन, एक डेमोक्रॅट जोडीनं २००४ साली असाच आयोग चालवून एकमतानं अहवाल दिला होता आणि तो लोकांनी दुकानांतून विकत घेऊन वाचला.

१९ मे २०२१ ला प्रतिनिधिगृहानं हा मसुदा २५२ विरुद्ध १७५ मतांनी मंजूर केला. ३५ रिपब्लिकन बाजूनं होते. मॅकार्थींनी आपल्याच पक्षाच्या कॅटको यांना वाऱ्यावर सोडलं. २८ मे रोजी सिनेटमध्ये ५४ विरुद्ध ३५ मतं पडली. चोपन्न म्हणजे स्पष्ट बहुमत, पण सिनेटमध्ये चर्चा थांबवायला ६० लागतात. सिनेटमधले रिपब्लिकन नेते मिच मॅककॉनेल यांनी पक्षाला विरोधात उभं केलं होतं. सहा रिपब्लिकन तरीही बाजूनं गेले. या प्रकरणातला सर्वांत मोठा दोष मी त्या मतदानाला देते. समसमान, निर्दोष, आधी यशस्वी झालेली व्यवस्था समोर ठेवली होती; ती नाकारल्यावर उरला तो सभापतींच्या मर्जीचा मार्ग. ३० जूनला विशेष समितीचा ठराव २२२ विरुद्ध १९० मतांनी मंजूर झाला, त्यात रिपब्लिकन मतं फक्त दोन: लिझ चेनी आणि ॲडम किंझिंगर.

पेलोसींच्या नकाराला कारण नव्हतं असं नाही. जॉर्डन ६ जानेवारीला तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्याशी फोनवर बोललेले होते, म्हणजे ते संभाव्य साक्षीदार. पुढे मे २०२२ मध्ये याच समितीनं त्यांना आणि खुद्द मॅकार्थींना समन्स काढलं. दोघेही आले नाहीत. साक्षीदारानं न्यायाधीशाच्या बाकावर बसू नये हे कोणालाही पटेल. पण निवडणुकीच्या निकालाला हरकत घेणारे म्हणून नावं नाकारली असतील, तर टेक्ससचे ट्रॉय नेल्सही हरकत घेणारेच होते आणि ते पेलोसींना चालत होते. कसोटी कुठली लावली हे लोकांना कळलं नाही, आणि कळली असती तरी ती लावणारी व्यक्ती दुसऱ्या पक्षाची प्रमुख होती. आमच्याकडे भावकीत वाटणी करताना एकानं हिस्से पाडायचे आणि दुसऱ्यानं आधी उचलायचा, अशी रीत असते. इथं हिस्से पाडणारा आणि उचलणारा एकच झाला.

चेनी आणि किंझिंगर यांना पेलोसींनी स्वतः नेमलं. दोघं रिपब्लिकन होते, धैर्याची माणसं होती, आणि त्याची किंमत दोघांनी मोजली. चेनी ऑगस्ट २०२२ मध्ये स्वतःच्या पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत फार मोठ्या फरकानं हरल्या. पण १९८७ साली त्यांचे वडील पक्षानं पाठवले म्हणून समितीत बसले होते आणि मुलगी समोरच्या पक्षानं नेमली म्हणून. वायोमिंगच्या मतदाराला हा फरक कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

सुनावण्या मी पाहिल्या. २७ जुलै २०२१ ला चार पोलीस अधिकारी साक्षीला आले. त्यांतले सार्जंट अक्विलिनो गोनेल डॉमिनिकन रिपब्लिकमधून आलेले, इराकमध्ये लढलेले. बाहेरून येऊन या देशाची शपथ घेतलेल्या माझ्यासारखीला त्यांचं बोलणं ऐकताना आवंढा गिळवत नव्हता. २०२२ च्या जूनमध्ये संध्याकाळच्या सुनावणीची मांडणी टीव्ही बातम्यांच्या क्षेत्रातल्या अनुभवी निर्मात्याच्या मदतीनं केलेली होती, आणि ती फार परिणामकारक होती. बहुतेक महत्त्वाचे साक्षीदार ट्रम्प यांच्याच प्रशासनातले होते. फॉक्स न्यूजनं मुख्य वाहिनीवर ती सुनावणी दाखवली नाही. आमच्या गल्लीत ज्यांनी पाहिली त्यांनी सगळं मानलं आणि ज्यांनी पाहिली नाही त्यांनी काहीच मानलं नाही.

२८ जूनची कॅसिडी हचिन्सन यांची साक्ष मला सगळ्यांत बोलकी वाटते. व्हाइट हाउसमध्ये काम केलेली ही तरुण मुलगी, सत्तेच्या दाराशी बसलेली. तिनं स्वतः पाहिलेल्या आणि ऐकलेल्या कितीतरी गंभीर गोष्टी सांगितल्या. त्यातच गाडीत ट्रम्प यांनी स्टिअरिंगकडे हात टाकल्याची एक गोष्ट होती, जी तिला दुसऱ्याकडून कळली होती. तसं तिनं स्पष्ट सांगितलंही. दुसऱ्या दिवसापासून चर्चा फक्त स्टिअरिंगची. समोर एखादा खवचट रिपब्लिकन सदस्य असता तर त्यानं तिथंच विचारलं असतं: तुम्ही गाडीत होता का? ती नाही म्हणाली असती, दोन मिनिटांत तो भाग बाजूला पडला असता, आणि तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं जे होतं ते उलटतपासणी सोसून जास्त पक्कं झालं असतं. विरोधकाच्या प्रश्नाचा हा उपयोग असतो. त्याच महिन्यात खुद्द ट्रम्प यांनीही समितीतून आपली माणसं काढून घेणं चुकीचं होतं, असं बोलून दाखवलं.

समिती कायदेशीर होती का, हा प्रश्न कोर्टात गेला. १३ च्या जागी ९ सदस्य, अल्पमताचा अधिकृत प्रमुख नाही, म्हणून समिती अवैध, असा रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्रीय समितीचा दावा होता. मे २०२२ मध्ये न्यायाधीश टिमोथी केली यांनी तो फेटाळला. केली यांची नेमणूक ट्रम्प यांनीच केलेली. त्या न्यायालयात तरी समिती वैध ठरली.

अहवाल आला तेव्हा एक वयस्क गृहस्थ, सैन्यातून निवृत्त झालेले, आमच्या काउंटरवर आले. त्यांनी अहवाल मागितला. मी दिला. तासाभरानं परत येऊन म्हणाले, "यात शेवटी दुसऱ्या बाजूचं मत कुठं आहे?" काँग्रेसच्या समितीच्या अहवालाला अल्पमताची टिपणी जोडायचा सदस्यांना हक्क असतो, हे त्यांना माहीत होतं. मी सांगितलं, जोडलेली नाही. बँक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःचा वेगळा अहवाल काढला आहे, कॅपिटॉलच्या सुरक्षेवर. त्यांनी तोही मागितला. दोन्ही टेबलावर शेजारी ठेवून ते बराच वेळ बसले. हे दोन कागद एकमेकांशी बोलतच नाहीत, असं म्हणाले. खरं होतं ते. डिक चेनींची भिन्नमतपत्रिका निदान त्याच पुराव्याबद्दल भांडत होती.

मोडलेला संकेत पुढे कुठं गेला तेही सांगते. जानेवारी २०२३ मध्ये मॅकार्थी सभापती झाले. गुप्तवार्ता समिती ही विशेष समिती असल्यामुळे तिचे सदस्य सभापती एकटा ठरवू शकतो. डेमोक्रॅटिक पक्षानं ॲडम शिफ आणि एरिक स्वॉलवेल यांची नावं दिली; मॅकार्थींनी ती घेतली नाहीत. त्याच महिन्यात सरकारी यंत्रणेच्या गैरवापराच्या चौकशीसाठी नवी उपसमिती निघाली, अध्यक्ष जिम जॉर्डन. सप्टेंबर २०२५ मध्ये ६ जानेवारीचीच पुन्हा चौकशी करायला जॉर्जियाचे बॅरी लाउडरमिल्क यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक उपसमिती झाली. सदस्य नेमायचा अधिकार पुन्हा सभापतींचा.

माझ्या मते यावर एक साधा उपाय आहे, आणि त्याचं सामान त्याच इमारतीत पडून आहे. प्रतिनिधिगृहाची आचारसंहिता समिती कायम समसमान असते, पाच आणि पाच. विशेष समितीसाठी प्रत्येक पक्षानं आपली नावं द्यावीत आणि ती नेमलीच जावीत. एखादा सदस्य स्वतः साक्षीदार आहे अशी हरकत असेल, तर तिचा निवाडा सभापतींनी न करता या समितीनं करावा. जॉर्डन यांचं प्रकरण तिथं गेलं असतं तर कदाचित ते बसलेही असते. बसू द्यावं लागलं असतं तरी चाललं असतं. कॅमेऱ्यासमोर त्यांनाही हचिन्सनला प्रश्न विचारावे लागले असते आणि तिची उत्तरं ऐकावी लागली असती. बहिष्कारालाही निमित्त उरलं नसतं.

असा नियम करायला कायदा लागत नाही, राष्ट्राध्यक्षाची सही लागत नाही. दर दोन वर्षांनी निवडून आलेलं नवं प्रतिनिधिगृह पहिल्याच दिवशी आपली नियमावली साध्या बहुमतानं मंजूर करतं. पुढची नियमावली जानेवारी २०२७ मध्ये येईल. निवडणुकीआधी कोणाचं बहुमत असेल हे कुठल्याच पक्षाला नक्की ठाऊक नसतं, आणि असा शब्द मागून घ्यायला तोच काळ बरा. आमच्या मतदारसंघातल्या दोन्ही पक्षांच्या उमेदवारांना मी हेच पत्र पाठवणार आहे, सोबत बटरफील्ड यांच्या साक्षीच्या त्या पानाची प्रत जोडून.